आवारातली सर्व अंडी

४ फेब्रुवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि. साष्टांग घालायला पालथं पडावं लागतं, आणि मला साधं कुशीवर वळायचं तरी सिस्टरला विचारावं लागतं, तेव्हा हा नमस्कार उताणाच घे.

मामीने तुला सांगितलंच असेल. पण फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि मामीच्या सांगण्यात तिच्या पदरचं बरंच असतं, म्हणून स्वतः लिहिते. गेल्या सोमवारी शाळेत शर्यती होत्या. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रेषेवर शिट्टी घेऊन उभी. पोरी सुटल्या, आणि मला एकदम पाय ओले झाल्यासारखं वाटलं. आधी वाटलं कुणाची पाण्याची बाटली सांडली. मग कळलं की ते माझंच. मी खाली बसले, तरी शिट्टी तोंडातच होती. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या गाडीत घालून इथे आणलं. वाटेत त्यांनी सहा वेळा घाबरू नका म्हटलं आणि दोन वेळा लाल दिवा तोडला.

डॉक्टरांनी तपासलं. बाळाभोवती पाण्याची जी पिशवी असते तिला बारीक भोक पडलंय आणि पाणी झिरपतंय, असं म्हणाले. सातवा नुकताच लागलाय, आत्ताच बाळंत होऊन उपयोग नाही. जितकं आत राहील तितकं बरं. म्हणून मी इथेच, याच खाटेवर, बाळ होईपर्यंत. माझे बूट नवऱ्याकडे देऊन घरी पाठवले. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं मी बाळासाठी रडते, आणि तो बिचारा बूट छातीशी धरून उभा राहिला.

खोलीत तीन खाटा आहेत. मी मधल्या. उजव्या हाताची रिकामी आहे, तिच्यापलीकडे भिंत, कमरेइतकी हिरवी आणि वर पांढरी. डाव्या हाताला एक बाई आहेत, शाळांचे गणवेश शिवतात, त्यांचंही माझ्यासारखंच काहीतरी, पण त्या आठवा ओलांडून बसल्यात. खिडकी त्यांच्या वाट्याला आलीय. बाहेर काय चाललंय ते त्या मला सांगतात, आणि मी हिरवी भिंत बघत ऐकते. शाळेत मी दंगेखोर मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करते. परत गेले की ती शिक्षा बंद.

आता मुद्दा. डॉक्टर दारातूनच बोलतात आणि बोलता बोलता निघतात. ही पिशवी म्हणजे नेमकं काय? कशाला असते? त्यातलं पाणी गेलं तर बाळ कशावर राहतं? प्राणिसंग्रहालयात तू इतकी वर्षं अंडी उबवतोस, तुला ठाऊक असणार. सोपं करून लिही. पण माझी समजूत काढायला म्हणून खोटं लिहू नकोस, मला लगेच कळतं.

मामीला नमस्कार. लोभ तर आहेच, सध्या तो पत्रातून जरा भरघोस पाठव.

तुझी,
भिंगरी (सध्या न फिरणारी)


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, उताण्या माणसाला लागतील तितके.

तुझं पत्र मामीने फाटकाच्या गजांतून दिलं. कारण मीही आता कोंडलेला आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आमच्या तळ्यावर काही रानबदकं मरून पडली, तपासणीत पक्ष्यांची साथ निघाली, आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. ज्यांचा हात पक्ष्यांना लागतो त्यांनी आतच राहायचं. मी चाऱ्याच्या कोठारात घडीची खाट टाकलीय. उशाशी ज्वारीची पोती, पायथ्याशी खराटे. बाहेर जाणाऱ्या पत्रांना औषधाची धुरी देतात, तेव्हा या कागदाला वास आला तर नाक मुरडू नकोस, तुझ्या वॉर्डाला याहून चांगला वास येत असेल असं मला वाटत नाही.

आता तुझा प्रश्न. तुझ्या पोटातली ती पिशवी आणि माझ्या उबवणी पेटीतल्या अंड्यामधला आतला पडदा ही एकच वस्तू आहे. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच एकच आहे.

मासा आणि बेडूक पाण्यात अंडी घालतात. त्यांच्या अंड्याभोवती नुसता बुळबुळीत थर असतो, उन्हात ठेवलं तर सुकून जाईल. म्हणून बेडूक कितीही लांब भटकला तरी अंडी घालायला त्याला ओलाव्याशी परत यावं लागतं. फार फार पूर्वी काही प्राण्यांचं हे परत येणं सुटलं, कारण त्यांच्या अंड्यात पाण्याची सोय आतच झाली. एक पिशवी पाण्याची, तिच्यात पिलू तरंगतं, त्याला धक्का लागत नाही, ते सुकत नाही. ही तुझी पिशवी. दुसरी पिशवी बलकाची, म्हणजे शिदोरी. तिसरीत पिलाची घाण साठते. या सगळ्यांना वेढून एक पातळ पडदा, तो बाहेरची हवा आत घेतो. आणि वरून कवच, कोंबडीचं कडक, सापाचं चामड्यासारखं. कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यातून हवा जाते.

अशी अंडी कोण घालतं? कासवं, मगरी, पाली आणि सरडे, बरेचसे साप, आणि झाडून सगळे पक्षी. आपल्यासारख्या दूध पाजणाऱ्यांत मात्र फक्त दोन घराणी उरलीत, एक बदकासारख्या चोचीचा पाण्यातला प्राणी आणि दुसरा काट्यांचा, मुंग्या खाणारा. बाकी गाय, वटवाघूळ, देवमासा आणि तू, तुम्ही कवच टाकून दिलंत आणि पिशव्या तेवढ्या पोटात ठेवल्यात. काही सापांनीही तसंच केलंय. अंडं ठेवायला जमिनीवर जागा शोधा, ती राखा, यापेक्षा बरोबर बाळगलेलं बरं असा हिशेब.

बाळ कशावर राहतं म्हणालीस. खाणं आणि हवा त्याला नाळेतून मिळते, पाण्यातून नाही. पाणी ते स्वतः पितं आणि स्वतःच शू करून परत भरतं. त्यामुळे थोडं झिरपलं तरी थोडं भरत राहतं. खोटं लिहू नकोस म्हणालीस म्हणून पुढचंही लिहितो. भोक बुजेलच असं नाही. आणि भोकातून पाणी जातं त्यापेक्षा जंतू आत येतात त्याची काळजी जास्त, म्हणून ते तुझा ताप सारखा बघत असणार. थर्मामीटरवरून सिस्टरशी वाद घालू नकोस.

माझ्याकडे वाळूत कासवांची अंडी आहेत. त्यांच्यावर मी पेन्सिलीने फुली करतो, फुली वरच राहिली पाहिजे. पक्ष्याचं अंडं रोज फिरवावं लागतं, नाहीतर पिलू पडद्याला चिकटतं. कासवाचं फिरवलं तर पिलू मरतं. तू जन्मभर पक्ष्यांत मोडत होतीस, काही दिवस कासवांत ये.

एक चांगली बातमी. आमच्या क्रौंचांच्या जोडीने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा अंडी घातली. दोन. आई बसेना, म्हणून मी ती पेटीत आणलीत. मला ती माझीच वाटू लागलीत, मामीला सांगू नकोस.

जावईबापूंना म्हणावं बूट घरात ठेवा, धूळ बसू देऊ नका.

तुझा,
मामा


१८ फेब्रुवारी

ती. मामास,

कृ. सा. न. वि. वि. कृतानेक म्हणजे खरोखर अनेक, कारण तुझ्या पत्राने आमची एक अख्खी दुपार पार पडली.

मी ते मोठ्याने वाचलं. खिडकीवाल्या बाई विणकाम खाली ठेवून ऐकत होत्या, मोठ्या सिस्टर इंजेक्शनचा ट्रे हातात धरून दारात थांबल्या. मग वाद पेटला. सिस्टर म्हणाल्या वटवाघूळ अंडी घालतं, त्यांच्या वडिलांनी पाहिलंय. मी म्हटलं, माझा मामा सांगतो ते शेवटचं. त्या फणकारून निघून गेल्या आणि मला सुई जरा जोरातच टोचली. खिडकीवाल्या बाईंना मात्र एक शंका आहे, ती तुझ्याकडे पाठवते. त्या म्हणतात, अंड्यात पाणी बरोबर असल्यामुळे जमिनीवर राहता येतं, हे समजलं. पण समुद्रातलं कासव तर पाण्यातच राहतं. मग ते बिचारं एवढं अंग ओढत वाळूवर कशाला येतं? तिथेच समुद्रात घालून मोकळं का होत नाही? मोकळं होणं हा शब्द आम्ही दोघी इथे फार वापरतो.

माझी प्रकृती. काल पोटावर ते थंड यंत्र फिरवून बघितलं. पाणी हवं त्यापेक्षा कमी आहे. किती कमी, तर डॉक्टरांनी ओठ दुमडले इतकं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून मला दोन मोठी इंजेक्शनं दिली. ठोके मात्र उत्तम, घोडा दौडल्यासारखे. माझ्या पोटात कुणीतरी पळतंय आणि मी पडून आहे.

मामा, दिवस जात नाही रे. सकाळ होते, पुसायला बाई येते, चहा, गोळ्या, ताप, नाडी, मग काही नाही. संडासापर्यंत जायची मुभा आहे. तो पंधरा पावलांचा रस्ता मी मुद्दाम हळू चालते, म्हणजे जास्त वेळ पुरतो. पोटऱ्या मऊ पडल्यात. स्वतःच्या पायांना हात लावला की दुसऱ्या कुणाचे वाटतात. नवरा संध्याकाळी येतो, बाहेरची हवा त्याच्या शर्टाला असते, ती मी हुंगते, आणि मग उगाचच त्याच्यावर ओरडते, की तू आलास कशाला आणि आता जाणार कशाला. तो मोसंबी सोलतो.

हालचाल कमी झाली की सांगा असं बजावलंय, त्यामुळे मी दिवसभर कान पोटाकडे लावून असते. बाळ झोपलं की मला वाटतं गेलं. उठवायला मी पोटावर टिचक्या मारते. असली आई.

क्रौंचांच्या पिलांचं काय? बाहेर आली का? त्यांच्याबद्दल भरपूर लिही, इथे चांगल्या बातमीचा फार तुटवडा आहे.

लोभात कसर नको.

भिंगरी

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं. आज २१. आज मला खिडकीजवळची खाट मिळाली. रस्ता दिसतो.


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला, इथे धावपळ होती.

खिडकीवाल्या बाईंना घरी सोडलं वाटतं. पत्ता असेल तर हे उत्तर त्यांना कळव. अंड्याला पाणी आत हवं, पण हवा बाहेरून हवी. कवचातून पिलू श्वास घेतं. समुद्रात घातलं तर छिद्रांतून हवेऐवजी पाणी लागेल आणि पिलू आतल्या आत गुदमरेल. म्हणून समुद्रातलं कासवही त्या एका कामासाठी वाळूवर येतं. आधी सगळे अंड्यांसाठी पाण्याकडे जायचे, हे अंड्यांसाठी पाण्यातून बाहेर येतं. बाईंची शंका अगदी योग्य होती, माझ्याकडून शाबासकी सांग.

इकडची हकीकत. सरकारी पशुवैद्य अधिकारी आल्या, तरुण बाई, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा प्लास्टिकचा पोशाख. त्यांच्या हातातल्या हुकुमात लिहिलं होतं, आवारातली सर्व अंडी नष्ट करावीत. मी म्हटलं, सर्व म्हणजे कोणाची? मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी पाटीवर लिहिलं, सर्व म्हणजे सर्व. पुढचं त्यांचं बोलणंही पाटीवरूनच. मी त्यांना वाळूच्या पेटीपाशी नेलं, ही कासवांची आहेत, साथ पक्ष्यांची आहे, म्हणून सांगितलं. बाई समजूतदार होत्या, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला. कासवाच्या आणि पक्ष्याच्या अंड्यात फरक काय? आता मी काय सांगणार? तुला लिहिलं तेच खरं ना, बांधणी एकच. मी तसंच सांगून बसलो. पाणी, बलक, पडदे, सगळं एकच, फक्त घालणारे वेगळे. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्हीच म्हणताय की हे एकच आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग मी म्हटलं, बाई, बांधणी म्हणाल तर तुमची आईसुद्धा याच यादीत येते. साथ बांधणीला लागत नाही, रक्ताला लागते. त्या हसल्या की चिडल्या हे त्या मुखवट्यातून कळलं नाही आणि ऐकू तर मुळीच आलं नाही. पण त्या आमच्या कचेरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिल्या, काचेतून त्यांचा हलणारा हात मला दिसत होता. परत आल्या आणि पाटीवर लिहून दाखवलं की कासवांची ठेवा, पण पक्ष्यांच्या इमारतीत नको, आजच्या आज हलवा.

हलवायची म्हणजे फुली वर ठेवून, एक अंडंही न फिरता, पार दुसऱ्या टोकाच्या जुन्या तिकीटघरापर्यंत. माझा गुडघा तुला ठाऊक आहे. माणसं सगळी दुसरीकडे कामाला लावलेली. तर ट्रेचं दुसरं टोक त्या बाईंनीच धरलं. रिकाम्या पिंजऱ्यांमधून आम्ही दोघं वरात काढल्यासारखे चाललो. दारातल्या औषधाच्या ओल्या पायपोसावर माझा पाय सरकला. ट्रे कलला, वाळू घसरली, काही अंडी गडगडली, त्यांच्या फुल्या खाली गेल्या. मी लगेच परत वळवून ठेवली. त्यांचं काय झालं ते आज सांगता येणार नाही. कवच आपल्याला काही सांगत नाही.

बाकी ठीक. तुझा ताप रोज किती असतो ते लिही. जपून राहा.

तुझा,
मामा


१ मार्च

चि. भिंगरीस मामीचा आशीर्वाद.

तुला या दिवसांत काही लिहू नकोस असं मामाने बजावलंय, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यापासून मी फाटकाशी डबा देते तो तसाच परत येतो. विचारलं तर कानाकडे बोट दाखवतो, ऐकू येत नाही म्हणे. मला कितीक वर्षं माहीत आहे त्याला केव्हा ऐकू येत नाही ते. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, पक्ष्यांची अंडी साहेबांनी स्वतःच्या हातांनी संपवली. परक्या माणसांना हात लावू दिला नाही. क्रौंचांचीही. तेव्हापासून तो असा आहे. माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी बोलेल. तुझं दुःख काय कमी आहे, मला कळतं, पण तो गजाच्या पलीकडे आणि मी अलीकडे, मी करू काय? तू रागव त्याच्यावर. तुझं रागावणं त्याला आवडतं.

मामी


५ मार्च

मामा,

नमस्कार वगैरे नंतर. आधी भांडण.

क्रौंचांबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मी विचारलं होतं, भरपूर लिही म्हटलं होतं, आणि तू मला तिकीटघर आणि पायपोस पाठवलेस. मी वाचतानाच ओळखलं. मामीवर चिडू नकोस, तिने सांगितलं नसतं तरी मी विचारलंच असतं. मी काय काचेची आहे का? इथे सगळे माझ्याशी हळू बोलतात. डॉक्टर दाराबाहेर जाऊन बोलतात. नवरा हसून बोलतो आणि जिन्यात जाऊन डोळे पुसतो, सिस्टरनी पाहिलंय. एक तू होतास, जो खरं लिहायचा. तूही जिन्यात जाऊन बसलास?

पण मीही तेच केलं. म्हणून आता सांगते. खिडकीवाल्या बाईंना घरी सोडलं नव्हतं. एका सकाळी त्या म्हणाल्या, आज हा फार शांत आहे हो. मी म्हटलं, झोपला असेल, टिचकी मारा. त्यांनी मारली. मग सिस्टर आल्या, मग यंत्र आलं, मग पडदा ओढला. पडद्याच्या अलीकडे मी माझ्या खाटेवर, उठायला मनाई. मी हात लांब करून पडद्याखालून त्यांच्या खाटेचा गज धरला, तेवढंच पोचत होतं. दुपारी त्यांना खाली नेलं. संध्याकाळी ती खाट स्वच्छ करून मला विचारलं, खिडकी हवी का. मी हो म्हटलं. मला खिडकी हवी होती, मामा. इतके दिवस मी त्या खिडकीचा हेवा केला होता, आणि विचारताक्षणी हो म्हटलं. पहिले दोन दिवस मी भिंतीकडेच तोंड करून होते.

तू शाबासकी पाठवलीस ती माझ्याकडेच आहे. त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही.

आता तू सांग. सगळं. मी पडूनच आहे, पडून आणखी कुठे पडणार?

भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र आलं. तुझ्या बाईंचं वाचून कागद खाली ठेवला. हो म्हटलंस त्यात वाईट काही नाही. एवढंच लिहितो, कारण जास्त लिहिलं तर ती समजूत काढणं होईल.

आता माझं. हंसांची, बदकांची, मोरांची अंडी होती, ती मी एकेक करून औषधाच्या पिंपात घातली. हुकूम होता आणि हुकूम बरोबर होता, साथ तशीच थांबते. मी दुसऱ्याला करू दिलं नाही, कारण ते अंडी टोपलीतून बटाट्यासारखी ओतणार होते. क्रौंचांची दोन शेवटी ठेवली. त्यांचे दिवस भरत आले होते. या वेळी पिलू आतूनच बोलायला लागतं, कवच फुटायच्या आधी. माझे कान गेले याचं त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं. पण मी अंडं तळहातावर घेतलं, आणि ते हाताला कळलं. बारीक थरथर. थांबायची, परत यायची. अधिकारी बाई दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू येत असणार, त्यांनी तोंड फिरवलं होतं. मी अंड्यावर दुसरा हात झाकला, आणि मग केलं.

तेव्हापासून घास तोंडात घेतला की हाताला ते जाणवतं. बाहेर असतो तर दूरवर चालत गेलो असतो. इथे कुठे जाणार, कुंपणापर्यंत जातो आणि परत येतो. मामी गजापलीकडे उभी असते, मला तिच्याशी बोलायचं असतं, पण गजातून ओरडून हे कसं सांगू? आणि ओरडल्याशिवाय मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तुला लिहिलं. आता हेच पत्र तिला वाचायला देतो, मग धुरीला.

लिहिल्यावर भूक लागलीय. तुझं भांडण कामी आलं म्हण.

बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेव. शंका आली की कुणालाही बोलाव, त्रास देतेस असं वाटून घेऊ नकोस. तू त्रास द्यायलाच जन्मलीस, हे तुझ्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मामा


२ एप्रिल

ती. मामास,

सा. न. वि. वि. आज मी खरोखरचा घालू शकते, पण हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात लोक काय म्हणतील म्हणून बसूनच.

तार पोचली, पेढ्यांऐवजी मामीचं रडू फोनवर पोचलं, तरी नीट सांगायचं राहिलंय. वीस मार्चला दुपारी मला थंडी वाजली. थर्मामीटर काढून सिस्टरनी बघितला आणि झटकून परत लावला. दुसऱ्यांदाही तेच. मी वाद घातला नाही. डॉक्टर आले आणि या वेळी दारातून बोलले नाहीत, खाटेवर बसले. म्हणाले, जंतू आत पोचलेत, आता आत ठेवण्यापेक्षा बाहेर बरं. इतके दिवस मी बाहेरची वाट बघत होते, आणि ते तसं म्हणाल्यावर मी त्यांचा हात धरून म्हटलं, अजून थोडे दिवस, मी हलणार नाही, वळणारसुद्धा नाही. ते म्हणाले, तुम्ही फार छान पडून राहिलात. एवढ्या वर्षांत मला खेळासाठी इतकी शाबासकी मिळाली नाही.

मुलगी. तुझ्या ओंजळीत मावेल एवढी. ती रडली नाही, मांजराच्या पिलासारखा आवाज केला, आणि तिला घेऊन सगळे पळाले. मला दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून दाखवली. काचेची पेटी, आत नळ्या. तू बघशील तर म्हणशील, आपल्याकडची पेटी यापेक्षा बरी आहे. पहिला आठवडा श्वास विसरायची. निळी पडायची, सिस्टर पेटीत हात घालून तळव्याला टिचकी मारायच्या, मग परत घ्यायची. परवापासून विसरलेली नाही.

तुझं त्यानंतरचं पत्रही मिळालं. वाळूतून निम्म्याहून कमी कासवं निघाली आणि गडगडलेल्यांपैकी एकही नाही, हे वाचून वाईट वाटलं. तू सरळ लिहिलंस हे बरं केलंस. आणि परवा फाटक उघडलं हे मामीने कळवलं. तू बाहेर आल्यावर रस्त्यात मध्येच थांबलास आणि मामी पाठीमागून ढकलत होती, असंही कळलं. तिच्या पदरचं किती ते तूच सांग.

काल मला घरी जायला सांगितलं. मला, तिला नाही. तिला अजून बरेच दिवस लागतील. नवऱ्याने माझे बूट आणले होते, पुसून, नाड्या ओवून. पाय सुजलेले, तरी घातले. मी जिना उतरले, दार ढकललं आणि रस्त्यावर आले. ऊन, गाड्या, माणसं, एक कुत्रं. कुणी वळू नका म्हणत नव्हतं. मी चालायला लागले. नवरा पिशव्या घेऊन मागे. चालत चालत चौकापर्यंत गेले, हिरवा दिवा लागला, सगळे रस्ता ओलांडून गेले. मी उभीच. पुन्हा लागला. नवऱ्याने विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, चल परत.

सिस्टर म्हणतात, तुम्हाला इथे कुणी धरून ठेवलेलं नाही, रात्रीपुरतं तरी घरी जा. खरं आहे. दार उघडंच आहे, मला इथून दिसतं. पण उद्या दुपारी तिला पेटीतून काढून थोडा वेळ माझ्या अंगावर ठेवणार आहेत, पहिल्यांदाच. न हलता बसायला जमेल ना, असं विचारलं.

तेव्हा तू येशील तेव्हा घरी जाऊ नकोस, घराला कुलूप असेल. जिन्याने तिसरा मजला, डावीकडे वळून शेवटपर्यंत, काचेच्या खोलीसमोरचं बाक. मी तिथेच आहे. मामीला घेऊन ये, हात धुऊन ये, आणि मोठ्याने बोलू नकोस, ती झोपलीय.

लोभ आता दोघींवर.

तुझी,
भिंगरी